घोडनदीकाठचा जव आणि पेवातलं धान्य

प्रश्न : इनामगावच्या उत्खननात गहू सापडल्याचं वाचलं. शिरूरकडचा तो भाग तर अवर्षणाचा. मग तीन हजार वर्षांपूर्वी तिथे गहू कसा पिकत होता?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गहू होता, पण मुख्य पीक जवाचं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, त्यात जवाबरोबर मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख (एक कडधान्य) हे दाणेही मिळाले. जव गव्हापेक्षा कमी पाण्यावर निभावतो आणि कुळीथ मुरमाड रानातही हाती लागतो. कोरड्या मुलखात पहिली तजवीज असते ती पेऱ्याची, आणि ती या लोकांनी अचूक केली होती.

दुसरी तजवीज पाण्याची. घोडनदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला आणि कडेने दगडमातीचा बांध घातला. पाऊस पडतो पावसाळ्यात, जव-गहू उभा असतो थंडीत. म्हणून पाणी आधीच जमिनीत मुरवून ठेवावं लागतं. काळी माती ते धरूनही ठेवते. तिचा दोष एकच : वाळली की भेगाळते, आणि भेगेतून खालची ओल उडून जाते. आजचा कोरडवाहू शेतकरी यासाठी रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या देतो, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर उकरतो. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. वरचा भुसभुशीत थर भेगा बुजवतो आणि खालची ओल वर चढू देत नाही. तिसरी कोळपणी चुकली तर नेमकी दाणा भरताना ओल संपते आणि कणीस पोचट राहतं.

इ. स. पू. १०००च्या सुमारास हवामान आणखी कोरडं झालं, तेव्हा ही व्यवस्थाही पुरली नाही. गहू जवळपास दिसेनासा झाला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली.

प्रश्न : मग दुष्काळासाठी ते धान्य साठवत कसे?

उत्तर : घराजवळच्या खड्ड्यांत आणि मातीच्या कणग्यांत. खड्डे आतून लिंपलेले असत. आपल्याकडचं पेव याच जातीचं. उंचवट्यावरची घट्ट, कोरडी जागा निवडायची, आत जाळ करून भिंती भाजून काढायच्या, तळाला आणि बाजूंना कडबा लावायचा, धान्य गच्च भरून तोंड मातीने लिंपायचं. दाणा दाताखाली कट्कन तुटला तरच भरावा; ओलसर भरला तर तापतो, बुरशी धरतो. बंद पेवात दाणे आणि कीड मिळून प्राणवायू संपवतात, त्यामुळे कीड मरते. नेमकं म्हणूनच नुकतं उघडलेलं पेव माणसालाही जीवघेणं असतं. किमान दिवसभर तोंड उघडं ठेवा, मग कंदील सोडून पाहा. तो विझला तर कोणीही उतरू नये. जळत राहिला तरी कमरेला दोर बांधून आणि वर दोन माणसं उभी करूनच उतरा.