१९६८ च्या फोर्ड मस्टँगसाठी अचूक सुटे भाग कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहता, १९६८ ची ३०२ (घनइंच) इंजिनाची हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची, मस्टँग घेतली आहे. कॅटलॉगमध्ये '१९६७-६९' असं स्पष्ट छापलेला रेडिएटर मागवला, तर त्याचं खालचं तोंड एका बाजूला आणि वॉटर पंपाचं दुसऱ्या बाजूला. विकणारा म्हणतो रेडिएटर बरोबर आहे. मग चूक कुणाची, आणि पुढचे पार्ट मागवताना असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मला वाटतं विकणाऱ्याचं बरोबर आहे. रेडिएटर परत पाठवायची घाई करू नका, आधी इंजिन बघा.

फोर्डच्या या लहान व्ही-८ इंजिनांवर १९६९ सालापर्यंत पंपाचं खालच्या होजचं तोंड शेजारच्या प्रवाशाच्या बाजूला असायचं. १९७० पासून ते ड्रायव्हरच्या बाजूला गेलं. म्हणजे तुमच्या गाडीला कुणीतरी नंतरचा पंप बसवला आहे. हा पंप सहसा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर टायमिंग कव्हर, पुली, बॅलन्सर (क्रँकच्या टोकावरचं संतुलनाचं जड चाक) असं सगळं बदलत जातं. क्रँकच्या पुढच्या टोकाला बॅलन्सरवर पुली किती बोल्टांनी धरली आहे ते मोजा. तीन असतील तर बॅलन्सर १९६९ पर्यंतचा आणि चार असतील तर १९७० नंतरचा. चार निघाले तर नुसता पुढचा भागच नाही, अख्खं इंजिनच नंतरच्या काळातलं असण्याची शक्यता मी धरून चालेन.

आणि ही गोष्ट रेडिएटरपेक्षा कितीतरी गंभीर आहे. ३०२ हे नाव १९६८ पासून नव्वदच्या दशकापर्यंत चाललं, पण आतलं इंजिन तेच राहिलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डने क्रँकचं बाहेरून, म्हणजे बॅलन्सर आणि फ्लायव्हीलवरच्या वजनाने, दिलेलं संतुलन २८ औंस-इंचावरून ५० वर नेलं. बॅलन्सर एका काळातला आणि फ्लायव्हील दुसऱ्या काळातलं बसवलं, तर दोन्ही नीट बसतात, बोल्टही जुळतात आणि इंजिन सुरूही होतं. मग वेग वाढला की थरथर सुरू होते आणि बेअरिंगं खराब होतात. फायरिंग ऑर्डरचंही, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याच्या क्रमाचंही, तेच. तुमच्या सालच्या ३०२ ची ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८, तर पुढे आलेल्या ५.० एचओ (त्याच ३०२ च्या जास्त ताकदीच्या) इंजिनांची १-३-७-२-६-५-४-८. जुन्या पुस्तकात बघून प्लगच्या वायरी लावल्या आणि इंजिन नंतरचं असलं, तर फटाके फुटल्यासारखे आवाज येतील आणि दोष विनाकारण कार्बोरेटरवर जाईल. म्हणून म्हणतो, गाडीचं साल हे पार्ट मागवायला पुरेसं नाही. गाडीत प्रत्यक्ष काय बसलेलं आहे ते आधी कळायला हवं, आणि ते सांगायला त्या भागावरचा नंबर असतो.

तुमच्या ब्लॉकचा कास्टिंग नंबर, म्हणजे ओततानाच उठलेला नंबर, प्रवाशाच्या बाजूला, मागे, ऑइल पॅनच्या जरा वर असतो, स्टार्टरच्या आड. स्टार्टर काढा, तारेच्या ब्रशने घासा, खडू फिरवा आणि फोटो काढा. तो साधारण 'सी ८ ओ ई' अशा चार अक्षरांनी सुरू होईल. पहिलं अक्षर दशकाचं: सी म्हणजे साठचं, डी सत्तरचं, ई ऐंशीचं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष. तिसरं अक्षर गाडीच्या कुळाचं: झेड मस्टँग, ओ फेअरलेन आणि टोरिनो, डब्ल्यू कूगर, टी ट्रक. चौथं अक्षर तो भाग कोणत्या विभागाने आखला त्याचं, ई म्हणजे इंजिनवाले. मधला आकडा भागाच्या जातीचा, आणि तो फोर्डच्या सगळ्या गाड्यांना सारखाच: ६०१५ ब्लॉक, ६०४९ हेड, ८५०१ वॉटर पंप, ९५१० कार्बोरेटर, १२१२७ डिस्ट्रिब्युटर. शेवटचं अक्षर सुधारणेचं.

इथे बहुतेक नवखे अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. या नंबरातलं साल तो भाग पहिल्यांदा आखला गेला त्याचं असतं, तो ज्या गाडीत बसला तिचं नव्हे. १९६५ साली आखलेला एखादा कंस १९६८ पर्यंत तसाच वापरात राहिला, तर तुमच्या गाडीवर 'सी ५' असणंच अस्सल आहे. तिथे 'सी ८' शोधत बसाल तर तो कधीच मिळणार नाही, कारण तो बनलाच नाही. कुळाच्या अक्षराचंही तसंच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मस्टँगवर सर्रास येणाऱ्या हेडवर 'ई ७ टी ई' असं असतं. ट्रकचा टी आहे म्हणून ते हेड ट्रकमधून काढलेलं असं कुणी म्हणालं, तर त्याला ही पद्धत माहीत नाही असं समजा.

दुसरा घोळ कास्टिंग नंबर आणि पार्ट नंबर यांचा. माझी उमेदीची काही वर्षं कोल्हापूरला शिरोलीच्या फौंड्रीत गेली, त्यामुळे हा फरक मला अंगवळणी पडलेला आहे. ओतकामावरचा नंबर पॅटर्नचा असतो. एकाच पॅटर्नमधून निघालेली ओतकामं पुढे मशिनिंगला गेली की कुणाला एक भोक जास्त पडतं, कुणाचं तोंड वेगळ्या मापाला कापलं जातं, आणि दोन वेगळे पार्ट तयार होतात. अंगावर नंबर मात्र एकच. त्यात फोर्डचा सर्व्हिस नंबर, म्हणजे सुटा भाग विकतानाचा नंबर, आणखी वेगळा, तो फक्त डब्यावर. त्यात चौथं अक्षर बहुधा झेड असतं, म्हणजे मस्टँगच्या पार्टच्या डब्यावर 'सी ८ झेड झेड' आणि आतल्या वस्तूवर दुसरंच काही. डबा आणि वस्तू जुळत नाही म्हणून फसवणूक झाली असं लगेच मानू नका. मात्र डबा अस्सल आहे म्हणून वस्तूही अस्सल, असंही मानू नका. रिकामे जुने डबेही विकले जातात.

नंबराजवळच तारीख असते. '७ एम १४' म्हणजे १४ डिसेंबर १९६७. महिने ए पासून, फक्त आय गाळलेला, त्यामुळे डिसेंबर म्हणजे एम. ओतकामाची तारीख गाडी तयार झाल्याच्या आधीची हवी, काही आठवडे ते फार तर दोन-तीन महिने. ती नंतरची असेल तर तो भाग त्या गाडीबरोबर आला नाही, विकणारा काहीही सांगो.

गाडीची तारीख ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर मिळेल. पण दारं बदललेली असतात, म्हणून त्या पट्टीवरचा गाडीचा नंबर आणि पुढच्या फेंडरखालच्या एप्रनवर (इंजिनाच्या कडेच्या आतल्या पत्र्यावर) ठोकलेला नंबर ताडून बघा. १९६८ ला डॅशवरची नंबरपट्टी प्रवाशाच्या बाजूला होती, ती तिथे दिसली तर घाबरू नका. नंबराचं पहिलं चिन्ह ८, दुसरं कारखान्याचं: एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटचन. हार्डटॉपला ०१. पाचवं चिन्ह इंजिनाचं: सी म्हणजे २८९, एफ म्हणजे दोन बॅरलच्या (दोन तोंडांच्या) कार्बोरेटरचं ३०२, जे म्हणजे चार बॅरलचं ३०२. तुमच्या नंबरात सी निघाला तर गाडी मुळात २८९ ची आहे, आणि आधीचा मालक सांगतो ते ३०२ नंतर आलेलं. दुसरं चिन्ह टी निघालं तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. मेटचन नावाचा तो कारखाना प्रत्यक्षात एडिसनमध्येच, रूट १ वर होता. २००४ साली बंद पडला. ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज जाता तिथेच तुमची गाडी जोडली गेली असेल.

१९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. नंबर दिला की तुमची गाडी कोणत्या रंगात, कोणत्या गिअरबॉक्सने, कोणत्या एक्सलने आणि कोणत्या तारखेला तयार झाली त्याचा अहवाल पैसे भरून मिळतो. एकही पार्ट घेण्याआधी हा खर्च करा. बाकी पैसा कुठे वाचवायचा ते नंतर ठरवता येईल.

तारखेला एवढं महत्त्व का, तर वर्षाच्या मध्येही भाग बदलले. १९६८ पासून अमेरिकेत बाजूचे दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले, आणि याच वर्षीच्या मस्टँगच्या मागच्या बाजूचे रिफ्लेक्टर सुरुवातीच्या आणि नंतरच्या गाड्यांना वेगळे आहेत, बसवण्याची रीतही वेगळी. क्वार्टर पॅनेलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या बाजूचा, नवा पत्रा मागवण्याआधी हे ठरवावं लागतं. १९६७ आणि १९६८ बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की दुकानं त्यांना एकाच रांगेत टाकतात. पण पुढचे डिस्क ब्रेक असतील तर १९६७ पर्यंत चार पिस्टनचे कॅलिपर होते आणि १९६८ ला एका पिस्टनचे सरकते आले. पॅडसुद्धा एकमेकांचे चालत नाहीत. १९६७ च्या बॉनेटच्या कडेवर फोर्डची अक्षरं होती, १९६८ ला काढली. बॉनेटला ती अक्षरं किंवा त्यांची भोकं दिसली तर ते १९६७ चं, हे तुम्हाला उभ्याउभ्या ओळखता येईल.

आता शोधायचं कसं. फोर्डने डीलरांसाठी १९६५ ते १९७२ च्या गाड्यांचा मास्टर पार्ट्स कॅटलॉग काढला होता, त्याच्या प्रती आणि डिजिटल आवृत्त्या मिळतात. तो भागाच्या जातीच्या आकड्यावरून लावलेला आहे, ८५०१ वर गेलात की सगळे पंप सालवार आणि इंजिनवार समोर येतात. दुकानांच्या रंगीत कॅटलॉगपेक्षा मी यावर भरवसा ठेवतो. दुकानाला एकच वस्तू जास्तीत जास्त गाड्यांना विकायची असते, म्हणून '१९६५-७३' असा लांबलचक पट्टा आला की मी थांबतो आणि फोन करून मोजमाप विचारतो. दुसरं साधन म्हणजे जंकयार्डवाले वापरतात ते हॉलंडरचं इंटरचेंज पुस्तक. तुमच्या मस्टँगचा भाग त्याच काळातल्या कूगर, फॅल्कन किंवा फेअरलेनवर जसाच्या तसा असू शकतो, आणि मस्टँगचं नाव नसल्यामुळे तिथे तो स्वस्त पडतो. डब्यातला, न वापरलेला जुना माल महाग असतो, आणि तोही कारखान्यात बसवलेल्या भागासारखाच असेल असं नाही. सर्व्हिससाठी फोर्ड पुष्कळदा 'चालून जाईल' असा एकच पर्याय अनेक गाड्यांना द्यायची.

तुमच्यापासून तीनेक तासांवर पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला दर उन्हाळ्यात फोर्ड गाड्यांचा मोठा मेळा भरतो, आणि हर्शीला ऑक्टोबरात सगळ्याच जुन्या गाड्यांचा. तिथे तुमचा जुना भाग, किमान त्याचे मापांसकट फोटो, आणि लोहचुंबक घेऊन जा. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर चुंबकाने ती कळते. क्रोमच्या जस्ती भागांवर पुटकुळ्या आल्या असतील तर सोडून द्या, ते परत चढवण्याचा खर्च नव्यापेक्षा जास्त येतो.

पत्र्याबद्दल एवढंच: नवीन फेंडर आला की रंगाआधी दार, बॉनेट आणि बंपरसकट नुसत्या बोल्टांवर बसवून फटी बघा. रंग लागला की कुणी परत घेत नाही. आणि मूळ फेंडर फक्त खालून गंजला असेल तर तेवढा पत्रा कापून नवा जोडणं मला जास्त पटतं, कारण मूळ पत्र्याची रेघ दाराशी जुळते.

जुनेपणाचा मोह जिथे अजिबात नको ती जागा म्हणजे रबर आणि ब्रेक. पन्नास वर्षं डब्यात राहिलेला ब्रेकचा होज अस्सल असला तरी तो आतून कडक झालेला असतो. व्हील सिलिंडरचे कप, इंधनाचे पाइप, फ्युएल पंपाचा पडदा, सील हे सगळं नवं घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर ते सहन करत नाही.

शेवटचं, आणि हे आजच पाळायला लागा. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर यांच्या बदली दुरुस्त केलेला नग घेताना दुकान तुमचा जुना नग मागतं आणि त्यापोटी अनामत कापून ठेवतं. त्या अनामतीसाठी जुना नग देऊ नका. तुमच्या तारखेचा, तुमच्या नंबराचा तो एकमेव भाग दुकानाच्या ढिगात जातो आणि तुमच्या हाती भलत्याच गाडीचा येतो. कार्बोरेटरच्या झाकणाच्या स्क्रूखाली छोटी पत्र्याची नंबरपट्टी असते, तीही अशीच हरवते. शहरात असा कारागीर शोधा जो तुमचाच नग उघडून, दुरुस्त करून तुम्हालाच परत देईल. अनामतीपेक्षा थोडे जास्त पैसे जातील. आणि नवा भाग बसून, गाडी रस्त्यावर फिरून येईपर्यंत जुना एकही नट फेकू नका. कुठून काढला ते पिशवीवर लिहून ठेवा.