पैसेवारी ४७ पैसे, म्हणजे कुठले पैसे?

प्रश्न असा आहे की पेपरात "तालुक्याची पैसेवारी ४७ पैसे" अशी बातमी येते, तर हे पैसे कुणी कुणाला द्यायचेत, यातली 'वारी' कुठली, आणि गावाकडचे आजोबा याला 'आणेवारी' म्हणतात ते चूक की बरोबर. हा शब्द खणला तर खाली महसूल खात्याचं अख्खं दप्तर लागतं.

तर पैसे कुणालाच द्यायचे नाहीयेत, पैसेवारी म्हणजे पीक किती आलं ते सांगणारा सरकारी आकडा. इथे रुपया म्हणजे भरलं पीक, जेवढं यायला हवं तेवढं सगळं आलं असं, आणि पैसे म्हणजे त्यातलं खरं किती आलं ते. एखाद्या पिकाचं प्रमाण उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल धरलंय आणि रानात निघालं ४.७ क्विंटल, की झाली ४७ पैसे. मग सरळ ४७ टक्के का नाही म्हणत? कारण हिशोब ठरला तेव्हा खेड्यात टक्का कुणाच्या तोंडात नव्हता, रुपया-आणे मात्र शेंबड्या पोरालाही कळायचे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. 'सोळा आणे खरं' म्हणजे शंभर टक्के खरं, आणि चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला यात तर बेरीजही बरोबर रुपया होते बघा.

म्हणून मूळ शब्द आणेवारीच, आजोबा बरोबर आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणा सव्वासहा पैशांचा होऊन अडचणीत आला आणि सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. लोकांच्या तोंडात आणे राहिले ते राहिलेच, आणि पुढे कित्येक वर्षं ५० पैशाच्या नाण्याला आठ आणेच म्हणायचे.

'वारी'चं सोपं आहे. टक्केवारी, आकडेवारी, वर्गवारी, क्रमवारी यांतली जी वारी तीच ही, आणि जिल्हावार, तपशीलवार यातला 'वार' पण त्याच घरातला. फारसीतला प्रत्यय, अर्थ साधारण 'त्या त्या प्रमाणे'. ब्रिटिशांची रयतवारी पण याच ओळीत बसते. पंढरीच्या वारीचा संबंध नाही, सोमवार-मंगळवारचाही नाही.

आता खरी मजा. आणे फक्त पिकाला नव्हते, जमिनीलाही होते. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणी आणि सारा ठरवायचं काम सुरू केलं, तिथून जी पद्धत बसली तिच्यात मातीची प्रत आण्यात लावायचे, उत्तम काळी सोळा आण्याची आणि मग खडी, चुनखडी, पातळ थर, उतार बघत खाली खाली. शिवाय सामाईक जमिनीत भावाभावांचा हिस्साही आणे-पैमध्ये लिहायचे, म्हणून "आमची त्या विहिरीत चार आणे आणेवारी आहे" असं वाक्य कानावर आलं तर तिथे पीकपाण्याचा काही संबंध नसतो, पाव हिस्सा आहे एवढंच. एकच शब्द, तीन कामं.

आणि हा शब्द नुसता दप्तरातला नाही बरं का. १९१८ चा खेडा सत्याग्रह, गुजरातचा पण तेव्हा मुंबई इलाख्यातलाच, त्या भांडणाच्या मुळाशी आणेवारीच होती. पीक चार आण्याच्या आत आलं तर त्या वर्षी सारा तहकूब, असा नियम. सरकारी आकडा म्हणत होता चार आण्याच्या वर आहे, शेतकरी म्हणत होते खाली आहे, आणि गांधीजी, वल्लभभाई त्यात उतरले. एक-दोन आण्याचा वाद म्हणजे किती मोठा वाद ते यावरून कळावं.

आजही तसंच आहे, फक्त रेघ ५० पैशांवर. गावची पैसेवारी ५० च्या आत आली तर वर्षानुवर्षं मिळत आलेल्या सवलती म्हणजे जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, गरज पडेल तिथे टँकर. मग ४९ आणि ५१ मध्ये किती जीव अडकतो बघा. आकडा काढायला शेतात दोरी-खुंट्या लावून ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात, भोवती तलाठी, कृषी सहायक, सरपंच उभे असतात, आणि तुकडा बांधाकडचा घेतला की मधला, ओलिताखालचा की माळाचा, यावर वाद ठरलेला. माझ्या मते या वादात शेतकरी बहुतेक वेळा बरोबर असतो, पण ते असो, ही शब्दचर्चा आहे.

२०१७ नंतर मात्र दुष्काळ जाहीर करताना पाऊस किती, पिकांची हिरवाई उपग्रहातून कशी दिसते, जमिनीत ओल किती असले निकष पुढे आले आणि २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो त्या नव्या पद्धतीने. पैसेवारी तरीही दरवर्षी निघतेच.

शेवटचं, बातमी वाचताना आकड्याआधीचा शब्द बघा. सप्टेंबर संपताना येते ती 'नजरअंदाज' पैसेवारी, मग ऑक्टोबरअखेर 'सुधारित', आणि डिसेंबरात 'अंतिम'. हिंदीत नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष, आपल्या महसूल खात्यात नजरेने बांधलेला अंदाज, तेव्हा हिंदी चॅनेल बघून गोंधळू नका. पेपरातल्या त्या बातमीत ४७ च्या आधी यातला कुठला शब्द आहे? नजरअंदाज असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा, तो ५१ पण होऊ शकतो.