वाचकांचे प्रश्न : मेंदूचा स्कॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या सासूबाईंचे वय 74 आहे. गेल्या वर्षभरात त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागल्या आहेत आणि मध्यंतरी नेहमीच्या देवळातून घरी येताना त्या वाट चुकल्या. एमआरआय केला. रिपोर्टमध्ये ‘मेंदूचे वयानुरूप आकुंचन’ आणि ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील जुने बदल’ असे लिहिले आहे. हा अल्झायमर समजायचा का? नातेवाईक म्हणतात, मुंबईला नेऊन पेट स्कॅन करा, म्हणजे एकदाचा उलगडा होईल.

उत्तर : रिपोर्ट वाचून घरात धास्ती बसली असेल, म्हणून आधी त्या दोन वाक्यांचा अर्थ सांगतो. साठीनंतर मेंदूचे आकारमान हळूहळू कमी होते आणि त्याच्या घड्यांमधील फटी रुंद दिसू लागतात. सासूबाईंच्या मेंदूचे आकुंचन त्यांच्या वयात अपेक्षित असते तेवढेच आहे, एवढेच रेडिओलॉजिस्टने पहिल्या वाक्यात नोंदवले आहे. दुसऱ्या वाक्यातील बदल एमआरआयच्या चित्रात मेंदूच्या आतील भागात पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांनी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्याची ती खूण असते. काहीही तक्रार नसलेल्या अनेक ज्येष्ठांच्या चित्रांतही असे ठिपके सापडतात. ते मोजके असतील तर रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे हाच त्यांवरचा उपाय आहे. मात्र ते पसरून एकमेकांत मिसळले असतील, तर विचारांचा वेग आणि चाल या दोहोंवर परिणाम होऊ शकतो. म्हणून केवळ रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नका. मूळ चित्रांची सीडी किंवा फिल्म न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आता अल्झायमरविषयी. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये या रोगाचे पहिले वर्णन मांडले, ते रुग्णाच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. पेशींच्या बाहेर साचलेली प्रथिनांची पुटे आणि पेशींच्या आतील गुंतवळे त्यांना दिसले. साधा एमआरआय आजही ती पुटे दाखवू शकत नाही. तो दाखवतो त्या रोगाने झालेली झीज, विशेषतः कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाची, कारण नव्या आठवणी साठवण्याचे काम तिथून चालते. ही झीज शून्य ते चार अशा श्रेणीत मोजतात आणि त्या श्रेणीचा अर्थ वय पाहूनच लावावा लागतो. साठीच्या माणसात जी श्रेणी काळजीची ठरते, तीच ऐंशीच्या माणसात नेहमीची असू शकते. सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये या भागाविषयी काही लिहिलेले नसेल, तर तेवढे आवर्जून विचारून घ्या.

तरीही एमआरआय वाया गेला असे मुळीच समजू नका. स्मृतीची तक्रार असलेल्या माणसाचा स्कॅन करण्यामागचा मोठा हेतू असतो तो बरे होण्याजोगे कारण सुटू नये हा. म्हातारपणी डोक्याला किरकोळ मार लागतो, तो विसरलाही जातो आणि काही आठवड्यांनी कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त मेंदूवर दाब आणू लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये हा धोका अधिक असतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने रुग्ण पुष्कळदा पूर्ववत होतो. मेंदूतील पोकळ्यांमध्ये पाणी साचण्याचा एक विकार हकीम आणि ॲडम्स या दोन डॉक्टरांनी 1965 मध्ये वर्णन केला. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा जाणे आणि विसराळूपणा ही त्याची तीन लक्षणे आहेत आणि योग्य रुग्णात नळी बसवून ते पाणी वळवल्यास, विशेषतः चालण्यात, चांगली सुधारणा दिसते. गाठ, जुना स्ट्रोक, दाब आणणारे रक्त, साचलेले पाणी यांपैकी काहीही आपल्या रिपोर्टमध्ये नाही, ही बातमी मोलाची आहे.

पेट स्कॅनची घाई मात्र मला योग्य वाटत नाही. मेंदूतील वर सांगितलेली प्रथिनांची, म्हणजे अमायलॉइडची, पुटे जिवंत माणसात दाखवणाऱ्या पेट तपासणीचे पहिले निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. ही तपासणी फार उपयोगी आहे, पण स्मृती शाबूत असलेल्या कित्येक वृद्धांतही ती पुटे सापडतात, म्हणून स्कॅनमध्ये ती दिसली एवढ्यावरून रोगाचे निदान होत नाही. एवढा प्रवास आणि खर्च करण्यापूर्वी बी-12, थायरॉइड आणि सोडियम यांच्या रक्ततपासण्या करा, कान तपासा, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा आणि मन उदास असते का याकडे लक्ष द्या. ही सगळी कारणे स्मृतिभ्रंशाचे सोंग आणू शकतात आणि यांतील एकही एमआरआयमध्ये खात्रीने ओळखता येत नाही.

इंदूरच्या आपल्या मराठी घरांपुरती एक गोष्ट इथे सांगणे मला आवश्यक वाटते. दवाखान्यात बोलणे हिंदीत चालते आणि स्मृतीच्या चाचणीतील प्रश्नही हिंदीतच विचारले जातात. ज्या बाईंचे माहेर, शाळा, देवघर आणि हिशेब सगळे मराठीत झाले, त्यांना हिंदीत शंभरातून सात-सात वजा करायला किंवा पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तर त्यांची अडखळ विस्मरणाच्या खाती जमा होते. चाचणी मराठीत घ्या, अशी विनंती डॉक्टरांना निःसंकोच करा. घरच्यांनी सोबत बसून प्रश्न समजावून द्यावेत, परंतु सासूबाईंच्या वतीने उत्तर देऊ नये. शिवाय देवळाची वाट त्या नेमक्या कुठे चुकल्या, त्याआधी पैशांच्या हिशेबात किंवा स्वयंपाकाच्या क्रमात काही बिघडले होते का, हे तारखांसह लिहून न्या. माझ्या मते सासूबाईंच्या बाबतीत निदानाला पेट स्कॅनपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : वडिलांचा डावा हात सकाळी अचानक लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. तासाभरात रुग्णालयात नेले. सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टरांनी लकवा म्हणून महागडे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये स्ट्रोक दिसला. मग सीटीत चूक झाली होती का?

उत्तर : चूक झाली नव्हती. आपण तासाभरात पोहोचलात आणि डॉक्टरांनी वेळ दवडला नाही, यासाठी दोघांचेही कौतुक वाटते. अशा वेळी सीटी करतात ती मुख्यतः मेंदूत रक्तस्राव झाला आहे का हे पाहण्यासाठी, कारण ताजे रक्त सीटीत लगेच पांढरे उठून दिसते आणि रक्तस्राव असताना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले तर ते घातक ठरते. रक्तपुरवठा तुटलेला भाग मात्र सीटीत पहिल्या काही तासांत बहुधा वेगळा दिसत नाही. लक्षणे स्ट्रोकची आणि सीटीत रक्तस्राव नाही, या दोन गोष्टी जुळल्या की उपचार सुरू करता येतो. तो लक्षणे दिसू लागल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावा लागतो. मोठ्या रक्तवाहिनीत उपचार न झालेला अडथळा असेल, तर सरासरी मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला आहे.

एमआरआयची जी पद्धत स्ट्रोक इतक्या लवकर पकडते, ती पाण्याच्या कणांची हालचाल मोजते. रक्त थांबले की पेशी फुगतात, त्यांच्या भोवतालच्या पाण्याला हिंडायला जागा उरत नाही आणि तो भाग काही मिनिटांतच चमकू लागतो. तरीही पहिली धाव पुष्कळ ठिकाणी सीटीकडेच घेतली जाते, कारण ती मिनिटांत उरकते, रात्री-अपरात्री मिळते आणि शरीरात पेसमेकर आहे का याची चौकशी तिच्यासाठी करावी लागत नाही. वाचकांनी लक्षात ठेवावी ती वेळ : रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता. झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात आला, तर रात्री झोपतानाची वेळ सांगावी लागते, आणि अशा रुग्णांत उपचाराची वेळ अजून हातात आहे का हे ठरवायला एमआरआय मदत करतो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत फिट आली. सीटीत मेंदूत कड्यासारखी छोटी गाठ दिसली आणि डॉक्टर म्हणाले की हा किडा असू शकतो. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, मग हे कसे? पुन्हा सीटी करायला सांगितली आहे, तिच्या किरणांची भीती वाटते.

उत्तर : मेंदूत जाते ती डुकरातील पट्टकृमीची अळी, आणि ती डुकराचे मांस खाऊन तिथे पोहोचत नाही. मांस अर्धकच्चे खाल्ल्यास आतड्यात मोठा कृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती न धुतलेल्या कोथिंबिरीतून, कोबीतून, दूषित पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. म्हणून शाकाहारी घरांतही हा आजार दिसतो. भारतात मुलांना फिट येण्याच्या कारणांत तो महत्त्वाचा आहे.

कड्यासारखी गाठ क्षयाचीही असू शकते आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. हा फरक ओळखण्याचे निकष वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी घालून दिले : गाठ एकच, 20 मिलिमीटरपेक्षा लहान, आणि सुजेमुळे मेंदू मधल्या रेषेवरून न सरकलेला असेल, तर ती किड्याची असण्याचा संभव फार मोठा असतो. कड्याच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला, तर निदान पक्के होते. तो ठिपका एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतो.

किरणांविषयी सांगायचे तर डोक्याच्या एका सीटीत साधारण 2 मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. गरज असताना एवढ्यासाठी सीटी टाळू नये. लहान मुलांत मात्र ती जितकी कमी करता येईल तितकी करावी, म्हणून गाठ विरली की नाही हे काही महिन्यांनी पाहायचे असेल तेव्हा ‘एमआरआयवर भागेल का’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात क्ष-किरण नसतात. त्याला आवाज मोठा असतो आणि बराच वेळ हलायचे नसते, हे मुलाला आधीच प्रेमाने सांगून ठेवा. फिटचे औषध मात्र पुढच्या चित्रात गाठ नाहीशी झालेली दिसली तरी आपल्या मनाने बंद करू नका. ते केव्हा आणि किती हळूहळू कमी करायचे, हे डॉक्टरच ठरवतील.