आईने फ्लूची लस घेतली आहे, मग मी कशाला घेऊ?

तुमच्या आईला सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, तिने लस घेतली आहे. तुम्ही धडधाकट, आणि लस निम्मीच लागू पडते असं ऐकलंय, म्हणून विचारताय. आमच्या घरीही हाच हिशेब होता.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. सासऱ्यांना, अण्णांना, हाच आजार. त्यांना दरवर्षी लस द्यायचो, आम्ही दोघांनी कधी घेतली नाही. एका जुलैत मी ऐरोलीच्या ऑफिसातून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी आले. बरं नाही असं काही वाटत नव्हतं. रात्री नेहमीसारखा अण्णांना नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र, लावून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कणकण सुरू झाली. मी चार दिवसांत उठले. त्याच पहाटे अण्णा पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेले दिसले, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८४ वर उतरलेला. "पाणी दे" म्हणताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला त्यांना. तपासणीत इन्फ्लूएन्झा, म्हणजे फ्लूच, निघाला. नऊ दिवसांनी घरी आले, पण जिना सुटला तो सुटलाच.

ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच आपण फ्लू पसरवू शकतो. त्यामुळे 'आजारी पडलो की आईपासून लांब राहीन' हा बेत तोकडा पडतो. लशीतले विषाणू त्या वर्षीच्या साथीशी जुळले, तर फ्लूने आजारी पडण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी घटतो. वय झालं की शरीर लशीला कमी दाद देतं, त्यामुळे आईला तिची लस हवीच, पण तेवढ्यावर तिला सोडू नका. घरातल्या फ्लूला आईपर्यंत पोचायला आधी तुम्हाला गाठावं लागतं ना?

आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते आणि लशीचा जोर यायला दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच घ्या. विषाणू बदलतो, तशी लसही बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीची चालत नाही. इंजेक्शनातला विषाणू मारलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कधी एखादा दिवस अंग मोडून येतं, बहुतेकांना एवढंच. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, तेव्हा घरात तान्हं असेल तरी मोठ्यांनी घ्यायलाच हवी.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही आता आम्हीच आमच्या खर्चाने देतो. रोज दोन तास त्या अण्णांच्या खोलीला लागून असतात. तुमच्या आईजवळ रोज कोण कोण येतं, तेही एकदा मोजा.