सराचं पोस्टर घेताय? आधी कडा बघा

पहिलंच पोस्टर म्हणून फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराचं, 'ग्रांद जात' या पॅरिसजवळच्या बेटावरचं रविवारचं चित्र निवडलंत, छान. पण दिसलं की लगेच घेऊ नका.

बारीक रंगीत ठिपक्यांनी रंगवलेलं मूळ चित्र साधारण २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. ए३ कागदावर ते सातपटीने लहान होतं, मग ठिपके एकमेकांत मिसळून नुसता गुळगुळीत रंग उरतो. ठिपक्यांसाठीच घेत असाल तर भिंतीवर मावेल तेवढं मोठं घ्या, नाहीतर फक्त माकडवाल्या बाईचा तपशील मोठा करून घ्या. मला तर तोच जास्त आवडतो.

कडा नीट तपासा. सराने नंतर चारी बाजूंनी लाल, नारिंगी, निळ्या ठिपक्यांची पट्टी रंगवली होती. स्वस्त पोस्टरांत ती सर्रास कापलेली असते.

गवत झगझगीत पोपटी दिसलं तर समजा, कुणीतरी संगणकावर रंग चढवलाय. सराने वापरलेला झिंक यलो हा पिवळा रंग काळाच्या ओघात तपकिरी पडला, त्यामुळे मूळ चित्रातही उन्हातलं गवत आज मळकट दिसतं.

भिंग लावून ठिपके मोजत बसू नका; तिथे दिसतात ते छपाईचे. म्युझियमच्या वेबसाइटवर मोठी फाइल मोफत मिळते, ती मॅट कागदावर छापून घेतली तरी चालेल. फ्रेम मात्र पांढरीच करा, सोनेरी नक्षी नको. सरालाही पांढरीच पसंत होती.