वाचक विचारतात : राणीने राज्य सोडले की घालवले गेले?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिच्यावर अर्धा तास बोलायचे आहे. एका लेखात 'पदच्युत' आहे, दुसऱ्यात 'पदत्याग'. बरोबर कोणते? आणि 'अलोहा ओए' हे गीत तिने कैदेत रचले का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या वर्षांचे. फळ्यावर दोन तारखा सुरुवातीलाच लिहा, म्हणजे घोळ होणार नाही.

पहिली, 17 जानेवारी 1893. राजाचे अधिकार काढून घेणारी आणि मालमत्तेच्या अटीने बहुसंख्य हवाईवासीयांचे मत हिरावणारी 1887 ची राज्यघटना राणीला बदलायची होती. त्यावर गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांच्या गटाने सत्ता बळकावली. आदल्याच दिवशी 'बॉस्टन' युद्धनौकेवरून दीडशेहून अधिक अमेरिकी सैनिक होनोलुलूत उतरले होते. रक्तपात टाळण्यासाठी राणीने निषेध नोंदवून माघार घेतली, तीही बंडखोरांपुढे नव्हे, अमेरिकी सरकारपुढे, चौकशीअंती राज्य परत मिळेल या भरवशावर. हा मुद्दा वक्ते हमखास गाळतात आणि मग राणी दुबळी वाटू लागते. चौकशी झाली, अहवालाने हवाईतील अमेरिकी राजदूतावर ठपकाही ठेवला; पण बंडखोरांच्या, सॅनफर्ड डोल यांच्या सरकारने गादी परत द्यायला नकार दिला.

दुसरी, 24 जानेवारी 1895. समर्थकांचा उठाव फसल्यावर अटकेत असताना तिने पदत्यागाच्या कागदावर सही केली. सही न केल्यास समर्थकांना फाशी होईल, असे आपल्याला सांगण्यात आले, हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. सहीसुद्धा पतीचे आडनाव लावून 'लिलिउओकलानी डॉमिनिस' अशी करायला लावली. या नावाने ती कधीच सही करत नसे. अशा पदत्यागाला 'स्वेच्छेने' हे विशेषण लावू नका.

पुढे इओलानी राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती सुमारे आठ महिने कैदेत होती. तिथे तिने तुकडे जोडून, भरतकाम करून गोधडी शिवायला घेतली. कैदेच्या तारखाही तीत टाक्यांनी भरल्या आहेत. चित्र दाखवायचे तर याच गोधडीचे दाखवा.

'अलोहा ओए' मात्र 1878 चे, म्हणजे ती गादीवर येण्याच्या 13 वर्षे आधीचे. मूळ गीत प्रेमिकांच्या निरोपाचे आहे. राज्य गेल्याचे दुःख लोकांनी नंतर त्यात ऐकले.

नाव लि-लि-उ-ओ-क-ला-नी असे उच्चारा, 'उ'च्या आधी किंचित थांबून.