विशाखापट्टणम: मे नको, दिवाळीही नको

ताई, मुलांना समुद्र दाखवायचा आहे, सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत, तर नागपूरहून विशाखापट्टणमला मेमध्ये जावं की दिवाळीत, असं तुम्ही विचारलंय. मी पंधरा वर्षांत सहा-सात वेळा तिथं जाऊन आलोय, चुकीच्या महिन्यांतही गेलोय. माझं ऐकाल तर दोन्ही टाळा. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, या दिवसांत जा. त्यासाठी मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडली तरी चालेल.

मेमध्ये आपली फसगत आकड्यामुळे होते. आपण 45 अंशांत राहणारी माणसं. मोबाईलवर तिथलं 34-35 दिसलं की वाटतं, चला, थंड हवेचं ठिकाणच मिळालं. पण आपला उन्हाळा कोरडा आहे. घाम निघता निघता वाळतो, म्हणून सावलीत आलं की जीव जाग्यावर येतो. आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही याच कोरड्या हवेच्या जोरावर गार वारा देतो. समुद्रकाठी हवाच पाण्यानं भरलेली, मग घाम वाळणार कुठून? एकदा मेमध्ये आईला घेऊन गेलो होतो. घरून नेलेला चिवड्याचा डबा उघडला, तर तासाभरात चिवडा सादळला. रात्री दोरीवर टाकलेला पंचा सकाळी तसाच ओला. लॉजवाल्यानं आपुलकीनं खोलीत कूलर आणून लावला, तर दमटपणा आणखीच वाढला. आई उठून बसायची, पदरानं मान पुसायची, पुन्हा आडवी व्हायची. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सासूबाईंच्या बाबतीत मला त्याचीच काळजी वाटते.

शिवाय पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. घरात मासे खाणारे असतील तर हेही लक्षात घ्या. मे महिन्याच्या आसपास, अक्षय तृतीयेला, विशाखापट्टणमजवळच्या सिंहाचलम मंदिरात चंदनोत्सव असतो. तिथल्या वराह-नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते आणि तेवढ्या एकाच दिवशी मूळ रूपात दिसते. भाग्याचं दर्शन आहे, पण म्हाताऱ्या माणसाला त्या गर्दीत उभं करू नका. एरवी कुठल्याही दिवशी सकाळी जा.

आता दिवाळी. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस आटोपतो, म्हणून सगळीकडेच आटोपला असेल असं आपण धरून चालतो. तिथं ऑक्टोबर हा भर पावसाचा महिना. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम: एक पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, आणि दुसरा, जास्त जोराचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ थेट विशाखापट्टणमवरच आदळलं. झाडं उन्मळली, विमानतळाचं छत उडालं, शहराची वीज कित्येक दिवस गेली. त्या वर्षी दिवाळी 23 तारखेला होती आणि आमची तिकिटं काढून ठेवलेली होती. दरवर्षी असं होतं असं नाही, पण साधा कमी दाबाचा पट्टा आला तरी तीन दिवस खोलीच्या खिडकीतूनच समुद्र पाहावा लागतो. दिवाळीतच जाणं भाग असेल तर निघण्याआधी चार-पाच दिवस हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. नारिंगी किंवा लाल इशारा दिसला की बेत रद्द करा. रेल्वेनं गाडीच रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळतात.

जानेवारीच्या शेवटी दिवसा ऊन सोसवतं आणि रात्री पंखा हळू लावला तरी पुरतो. मी जानेवारीचा मधला आठवडा मुद्दाम सोडतोय, कारण संक्रांत हा आंध्रातला सर्वांत मोठा सण. 12 ते 18 जानेवारी गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

सकाळ समुद्राला द्या. पूर्व किनारा असल्यानं सूर्य पाण्यातून उगवताना दिसतो. मावळताना मात्र पाण्यात मावळत नाही, तो डोंगरांकडे जातो, मुलांना आधीच सांगून ठेवा. रामकृष्ण बीचवर पाण्यात उतरू देऊ नका. तिथं लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि आपली पोरं पोहणं शिकतात ती स्विमिंग टँकमध्ये. त्याच किनाऱ्यावर वाळूत ठेवलेली कुरसुरा पाणबुडी आतून बघा, पोरं दोन तास हलणार नाहीत. पाण्यात खेळायचंच तर ऋषिकोंडा बीचवर, तेही जीवरक्षक असतील तिथंच आणि गुडघाभर पाण्यात.

अराकूला, म्हणजे तिथल्या डोंगरांतल्या खोऱ्यात, एक दिवस काढा. सकाळच्या गाडीनं जा, बोगद्यांमागून बोगदे लागतात. तिथं थंडी चांगलीच असते, सासूबाईंची शाल आणि कानटोपी न्याच.

नागपूरहून समता एक्सप्रेस रायपूर-रायगडा मार्गे जाते, पण ती रोज नसते. विजयवाड्याहून फिरून जाणारी आंध्र प्रदेश एक्सप्रेसही आहे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पण ते दिवस गाडी दिल्लीहून सुटते त्या तारखेपासून मोजतात, म्हणजे 30 जानेवारीला नागपूरहून निघायचं तर 30 नोव्हेंबरला सकाळी 8 वाजता तयार राहा. सासूबाईंचं वय बरोबर भरा आणि त्यांच्यासाठी खालचा बर्थ मागा.